घटाची धुणी

घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक कापड धुतलं गेलं पाहिजे, हा आमच्याकडचा नियम. अंथरायचं, पांघरायचं, पडदे, देवाचं वस्त्र, सगळं. बारामतीच्या फ्लॅटमध्ये मी हे काम मशीनचं बटण दाबून उरकते आणि कुणाला सांगत नाही. पण माहेरी, शेळगावला, ही धुणी कालव्यावरच व्हायची, आणि त्यासाठी मी दरवर्षी एक रजा राखून ठेवायचे. ऑफिसात सांगायचे की घरचं काम आहे. खरं म्हणजे ती आमची सहल असायची.

ज्या वर्षीचं सांगते आहे, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, दोन गोष्टी जाहीर केल्या. घरात मोठं वॉशिंग मशीन आलंय, आणि आईनं यापुढे पाण्यात उतरायचं नाही. मशीनचं ऐकून आई म्हणाली, "त्येच्यात वाकळा मावत्यात व्हय?" वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली आमची जाडजूड गोधडी. ती भिजली की दोघींना उचलत नाही. पाण्याच्या गोष्टीवर मात्र आई काहीच बोलली नाही. आई गप्प बसली की मला धास्ती वाटते. दादाला वाटलं, आपण जिंकलो.

आईला पाण्याचं वेड. गावातल्या पोरांना त्यांचे बाप पोहायला शिकवायचे. आम्हाला आईनं शिकवलं, पाठीला रिकामा डबा बांधून, विहिरीत ढकलून. धुणी संपली की लुगड्याचा काचा घट्ट मारून ती कालव्यात सूर मारायची आणि बाकीच्या बायका काठावर भाकरी खात बघत राहायच्या. मला तेव्हा इतका तोरा चढायचा, जसं काही मीच पोहतेय. वर्षभर ती ज्वारी, जनावरं आणि आमच्या आजारपणात बुडालेली असे. तो एक दिवस तिचा होता. तिनं तसं कधी म्हटलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर त्या सकाळी दादानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाकळा, सतरंज्या, भाकरीचं गठुडं, मी, वहिनी, आई आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची असं सगळं भरलं. भादव्याचं ऊन सकाळपासूनच चावत होतं, पण उसाच्या कडेनं गार वारा येत होता. कालव्याच्या भरावावर तरवड फुलांनी नुसता पिवळा झाला होता. दादानं आईला पाण्यालगतच्या रुंद पायरीवर खुर्चीत बसवलं.

"आई, हितनं उठायचं न्हाय."

"न्हाय उठत. जा बाबा तू, तुझा ट्रॅक्टर तापतोय."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. पावडर चोळायची, पायांनी तुडवायची, लाकडी बडवण्यानं बडवायची, मग दोन टोकांना दोघी उभ्या राहून उलटसुलट पीळ घालायचा. वहिनी अंगानं किरकोळ, पण पिळायला लागली की मला ओढून नेते. दोनदा मी सपशेल पडले आणि आई खुर्चीतून टाळ्या वाजवत होती. दुपारी भाकरी, ठेचा, मटकीची उसळ आणि दही खाऊन आम्ही बाभळीखाली लवंडलो. गवतावर वाकळा वाळत होत्या, चतुर भिरभिरत होते. इतकं निवांत मला पुण्यामुंबईच्या कुठल्या रिसॉर्टात वाटलेलं नाही.

शेवटची एकच वाकळ उरली होती. घरातली सगळ्यात जुनी, चिंध्या लोंबणारी, कुत्रंसुद्धा बसणार नाही अशी. आई म्हणाली, "मला नुसतं बसून कट्टाळा आला. हिचं टोक धरते मी. व्हात्या पाण्यात आपसूक निघंल मळ." आमच्याकडे वाकळ अशीच भिजवतात, टोक धरून प्रवाहात सोडून. आम्ही तिच्या हातात टोक दिलं आणि सतरंजीला पावडर लावत बसलो.

"गेली गं, गेली!" आई ओरडली.

मी मान वर केली तर वाकळ मधोमध वाहत निघालेली, आणि खुर्ची रिकामी. "आत्या!" म्हणून वहिनी किंचाळली; सासूला ती आत्याच म्हणते. आई पाण्यात होती.

मी भरावावरून अनवाणी पळत सुटले. तोंडात दादाला द्यायची उत्तरं तयार होत होती. पाणी छातीएवढंच आणि संथ होतं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात येतं? थोडं पुढं वाकळ एका वाकलेल्या बाभळीच्या फांदीला अडकून थांबली. आई थांबली नाही. वाकळीकडे न बघता ती तिच्या बाजूनं सरळ पुढं गेली, लांब लांब हात टाकत. मग उताणी झाली आणि आभाळाकडे बघत नुसती वाहत राहिली.

माझं पळणं आपोआप थांबलं. ओरडायचं होतं, ते ओरडलेच नाही. मी बघत बसले.

जनावरं पाण्याला नेतात त्या उतारावर ती बाहेर आली. दम लागला होता, केसांतून पाणी गळत होतं, चेहरा मात्र पोरीसारखा. मी तिचा दंड धरून म्हटलं, "अगं, ती वाकळ मागं राहिली."

"ऱ्हाऊ दे. फाटकीच हाय."

मी ओढणीनं तिचे केस पुसायला लागले. ती मला पुसू देत होती, एरवी कधी देत नाही. मग म्हणाली, "झालं माझं. आता पुढच्या साली मशीनमधी टाका काय टाकायचं त्ये."

संध्याकाळी दादानं विचारलं, तर आईनं सांगितलं, वाकळ धरताना भिजले. वहिनी आणि मी माना खाली घालून भाजी निवडत राहिलो.

पुढच्या वर्षी घटाच्या आधी मी फोन केला. "आई, रजा टाकू का? धुणी कधी काढायची?"

"कशाला गं येतीस? मशीन हाय की."

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. आई बरी आहे, घरात हिंडते-फिरते, रोज फोनवर बोलते. तरी फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि पोटभर रडले.