बसल्या जागचा प्रवास

डोंबिवलीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि हरिहर आपटे विज्ञान. माणूस लाख मोलाचा, पण एक खोड होती. कुणी जरा निवांत बसलेला दिसला की विचारायचे, "तू आत्ता किती वेगानं चालला आहेस?" "बसलोय की," असं म्हटलं की संपलंच. सापेक्षतावाद सुरू. कोपरच्या खाडीवर गळ टाकून बसणाऱ्या भिवालाही त्यांनी सोडलं नव्हतं. भिवा बिचारा ऐकून घ्यायचा, कारण मासा लागेपर्यंत त्याला उठता येत नसे. आम्ही बाकीचे काढता पाय घ्यायचो.

"एकाला जरी नीट कळलं ना मधु, तरी पुरे," असं ते मला नेहमी म्हणायचे. त्यामुळे छप्पन साली ठाण्याच्या एका वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा हा पन्नाशीचा माणूस नवऱ्या मुलासारखा हरखला. नवं धोतरसुद्धा आणलं.

व्याख्यानाची तालीम घरी, बायकोपुढे. उत्तरावहिनींचे पाय दोन वर्षांपूर्वी लुळे पडले होते. तेव्हापासून त्या खाटेवरच असत आणि बोलणंही कमी झालं होतं. एका तालमीला मी हजर होतो.

"प्रत्येक वस्तू अवकाश आणि काळ, दोन्हींतून मिळून एकाच वेगानं जात असते," हरिहररावांनी सुरुवात केली.

वहिनींनी मध्येच विचारलं, "अवकाश म्हणजे जागा ना? आमच्या माहेरी तर 'पानं घ्यायला अजून अवकाश आहे' म्हणतात. म्हणजे वेळच झाला की तो."

हरिहरराव खुर्चीतून उठलेच. "अगं, तेच तर सांगतोय. जागा आणि वेळ वेगळे नाहीतच. पळणाऱ्याचा थोडा वेग जागेत खर्ची पडतो, तेवढा काळातला कमी होतो. म्हणून त्याचं घड्याळ मागं पडतं. जो हलतच नाही, त्याचा सगळाच्या सगळा वेग काळात."

"म्हणजे मी पडून असले तरी थांबलेली नाही."

"मुळीच नाही. सगळ्यांत जोरात तूच."

वहिनी हसल्या. फार दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हरिहरराव बोलायचे थांबून नुसते बघत राहिले. मग त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर हिंडता. तेव्हा तुमच्याआधी मीच पोचणार म्हणायची."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. अखेर कुणाला तरी पुरतं कळलं होतं, आणि हरिहररावांना त्याचा आनंद करता येईना. त्या दिवशी त्यांनी तालीम तिथंच आवरली.

व्याख्यानाच्या दिवशी मी त्यांना न्यायला गेलो, तर स्वारी उघड्या अंगानं खाटेशेजारी बसून संत्रं सोलत होती.

"मधु, तूच जाऊन सांग त्यांना. मी येत नाही."

मला रागच आला. ज्याच्यापायी इतकी वर्षं आमचं डोकं खाल्लं, ते ऐकणारे आता मिळाले, तर हे घरात. "अहो, ठाणं म्हणजे काय विलायत आहे? रात्रीच्या जेवणाला परत याल."

"जाऊन आलो की तेवढा मी मागं पडणार रे. ही पुढं जाणार."

"किती पुढं? केसभर तरी?"

"छे. केसाचा कोटीवा भागही नाही."

"मग?"

त्यांनी संत्र्याची फोड वहिनींच्या हातावर ठेवली.

"तेवढीही पुढं नको," म्हणाले.