माती अजून गार आहे

“ज्याला घाई आहे त्यानं पुढं व्हावं. आम्ही आपलं बघत बघत येतो.”

बालवर्गाच्या थोरल्या बाईंचं हे बोलणं सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. मोठ्या शाळेचे हेडमास्तर व्हरांड्यात मागून धापा टाकत आले, की बाई भिंतीला लागून उभ्या राहायच्या आणि वाट देता देता हेच म्हणायच्या. मागं मुलांची रांग असायची, प्रत्येकाच्या मुठीत पुढच्याच्या सदऱ्याचं टोक. फाटकापासून वर्गापर्यंत अंतर ते केवढंसं! पण रांग पोचायची तेव्हा ऊन आधीच दारातून आत येऊन बसलेलं असायचं. वाटेत मुंगी लागायची, ती काय नेते ते बघायचं. नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबात समोरचं घर उलटं दिसतं, तेही बघायचं.

“पोचली का तुमची गोगलगाय?” हेडमास्तर चिडवायचे.

“पोचली की,” बाई म्हणायच्या. “पण तिनं वाटेत काय काय पाहिलं, ते तुम्हाला कुठं ठाऊक?”

वर्ग म्हणजे एक लांबट खोली. खुर्च्या इतक्या बुटक्या, की मोठं माणूस बसलं तर गुडघे कानाला लागावेत. एका भिंतीला मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र: छत्री, मासा, शिडी, ढग. अक्षर न येणाऱ्यालाही आपली पिशवी कुठं टांगायची ते कळायचं, आणि महिनाभरात मुलं एकमेकांना त्याच नावानं हाका मारू लागायची. शिडी रडतेय, मासा चावला, छत्रीला शू लागली, असा कारभार दिवसभर चालायचा. सकाळी मणी ओवायचे, दोन तांबडे, एक निळा, पुन्हा दोन तांबडे. मग घमेल्यात पाणी घेऊन काय बुडतं आणि काय तरंगतं ते बघायचं. गोटा बुडाला, बूच तरंगलं, आणि एकदा कुणीतरी बाईंचा चष्मा सोडला, तो बुडाला. बाईंनी तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “आता हेही कळलं.”

पण वर्गाचा जीव होता कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात. त्यात चिकणमातीचा गोळा होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी तो नदीकाठी स्वतः खणून काढला होता, आणि तेव्हापासून तीच माती. बाईंचा रिवाज असा, की मातीचं केलेलं घरी न्यायचं नाही. हत्ती करा, कपबशी करा, बापाचं नाक करा. तास संपला की सगळं मोडून पुन्हा गोळ्यात. मुलं हत्तीला थोपटायची, “जा घरी” म्हणायची आणि दाबून टाकायची. एखादं भोकाड पसरायचंच. त्याला बाई जवळ घेऊन सांगायच्या, “तुझा हत्ती आत गेलाय. तुझ्या आईची बाहुलीही आतच आहे. उद्या हात घाल, कोण बाहेर येतंय बघू.”

यात खोटं काहीच नव्हतं. शिंपीण, टपालवाला, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे त्या मातीत हात घालूनच मोठे झालेले. वर्ग झाडणारी, नाकं पुसणारी आणि बाईंशी रोज एकदा तरी भांडणारी मावशी म्हणायची, “गावाचा निम्मा मळ आहे त्या गोळ्यात. म्हणून तर इतका मऊ.”

त्या वर्षाअखेर बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी धाकट्या बाई येऊन शिकत होत्या. पोरगी हसरी होती, गळा गोड होता. थोरल्या बाईंनी तिला कपाटं, खेळणी, मुलांच्या खोड्या, सगळं हळूहळू सोपवलं. माती तेवढी शेवटच्या दिवशी तिच्या हातात द्यायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

दुपारी निजायचा तास. पडदे ओढले की खोली हिरवी व्हायची, पाण्याखाली गेल्यासारखी. चटयांवर मुलं मासळीसारखी पडून राहायची, कुणाचं पाऊल कुणाच्या पोटावर. पंख्याच्या वाऱ्यानं दोरीवरची ओली चित्रं हळूच हलायची, आणि बाईंना वाटायचं, खोली निघालीय कुठंतरी, सगळ्यांना पोटात घेऊन, आणि कुठं ते विचारायची गरज नाही. अशा वेळी एकच जीव जागा असायचा. ढगाच्या खुंटीची मुलगी. तिला मात्र ढग कुणी म्हणत नसे. तिला म्हणायचे आजीबाई. वय पाच, पण बोलणं पाच लेकरांच्या आईचं. ती चटयांमधून पायांच्या बोटांवर फिरायची आणि ज्याचं पांघरूण सरकलं असेल त्याला घालायची. “उघडं पडलंय नुसतं,” असं पुटपुटायची. “सकाळी शिंकलं की पुन्हा माझ्याच डोक्याला ताप.”

एकदा ही आजीबाई घमेल्यात वाकली ती डोक्यानंच आत गेली. बाईंनी तिचा भिजलेला झगा उतरवला, अंग पुसलं, कपाटातला कोरडा सदरा चढवला आणि तिला खिडकीत उन्हाला बसवलं. “ओल्या कपड्यात कुणी राहायचं नसतं, बाळा. गारठा आत शिरतो. बस इथं, बरं वाटेल.” आजीबाईनं मान डोलावली. तिला ते पटलं. तिला पटलं की ते ती सोडत नसे.

मग सुट्टी आली, बरीच मोठी. शेवटच्या दिवशी जोडे कुणाचे कुणाच्या पायात, याचा गोंधळ चालला होता. तेवढ्यात आजीबाईनं डबा उघडला. आत माती ओल्या फडक्यात गुंडाळलेली. हात लावला तर बर्फासारखी गार. एवढी म्हातारी माती, आणि तिला सुट्टीभर ओल्यात ठेवून सगळे घरी निघाले! तिनं फडकं सोडलं. दोन्ही हातांनी गोळा पोटाशी धरून खिडकीपाशी नेला, उन्हाच्या कट्ट्यावर ठेवला, वर आपला कोरडा रुमाल पांघरला आणि शहाण्यासारखी रांगेत जाऊन उभी राहिली.

सुट्टी संपून दार उघडलं तेव्हा कट्ट्यावर एक करडा धोंडा होता, मधोमध फुटलेला. मुलं गोळा झाली. माशानं बोट टेकवून बघितलं.

“मेली,” तो म्हणाला.

“कुणी काढली बाहेर?” मावशी गरजली.

“मी,” आजीबाई म्हणाली. “तिला गारठा होत होता.” मग तिनं फुटलेल्या मातीकडं बघितलं, आपल्या हातांकडं बघितलं आणि ते पाठीमागं नेले.

त्या दिवसापासून ते हात पुढं येईनात. मणी नकोत, रंग नकोत. हात धरून गोलात गाणं म्हणायची वेळ आली तर आजीबाई गोलाच्या बाहेर. दुपारी कुणाचं पांघरूण सरकलं तर ती दुरून मावशीला सांगायची, “तुम्ही घाला.” चार दिवसांनी तिची आई आली, तीच ती शिंपीण.

“बाई, हिनं मांजराला हात लावायचं सोडलंय. लाव म्हटलं की म्हणते, माझ्या हातानं वाळतं सगळं. काय करू सांगा.”

“जेवते का?”

“चमच्यानं. चमचाही टोकाला धरते.”

बाईंनी आजीबाईला मांडीवर घेतलं. शिंपिणीलाही त्यांनी एकदा, ती एवढीशी असताना, असंच घेतलं होतं.

“थोरल्या बाई,” धाकट्या बाई संध्याकाळी म्हणाल्या, “दुसरी माती आणू या का? दुकानात रंगीतही मिळते. पोरं चटकन विसरतील.”

“बाकीची विसरतील. ही विसरणार नाही. ही फक्त समजेल, की हिनं मारली म्हणून आपण दुसरी आणली.”

“मग यावर पाणी ओतू या?”

“अर्धी वाळलेली माती पाणी घेत नाही गं. वरून चिखल होतो, आतला दगड तसाच राहतो.”

बाई बोटांवर दिवस मोजू लागल्या. वर्ष संपत आलं होतं. गोळा मोठा, आतून सुकायला दिवस लागणार, आणि त्यांच्याकडं दिवस थोडे. साऱ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या छातीत घाई येऊन बसली होती. पोरीचे हात पाठीमागंच असताना आपण या दारातून बाहेर पडायचं, ही कल्पना त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्या आजीबाईशेजारी कट्ट्यावर जाऊन बसल्या.

“तुझं एक चुकलं.”

“माहितीये मला.”

“नाही माहिती. तू हिला उन्हात ठेवलीस ते ठीक. पण काम अर्धवट सोडलंस. ही बाहेरून वाळलीय, आतून अजून ओली आहे. अशी मधेच अडकलेली माती कुणाच्या उपयोगाची नाही. पुरती वाळली पाहिजे. मगच तिला पाणी पचतं.”

आजीबाईनं संशयानं बघितलं. “पुरती वाळली हे कसं कळायचं?”

“हातानं नाही कळत. गालानं कळतं. आत पाणी असेल तर गालाला गार लागते.”

आजीबाईनं हात पाठीमागंच ठेवले, वाकली आणि धोंड्यावर गाल टेकला. डोळे मिटले. बराच वेळ तशीच राहिली. बाहेर कुणीतरी सायकल ढकलत गेलं. चाकाची टिकटिक आली आणि विरली.

“गार आहे अजून,” ती म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी पिशवी खुंटीला लावायच्या आधी आजीबाई कट्ट्यापाशी. मागं सगळा वर्ग चिडीचूप. “गार आहे अजून.” मासा म्हणायचा, “मला लावू दे,” तर ती म्हणायची, “तुझा गाल चिकट आहे. तोंड धुऊन ये.” काही दिवसांत वर्गभर गाल टेकवायचं वेडच पसरलं. भिंत गार, खिडकीची काच गार, मावशीचा दंड कोमट. मावशी ओरडायची, “अरे, मी काय तवा आहे का?” पण दंड काढून घ्यायची नाही. बाईही कुणी नसताना धोंड्याला गाल लावून बघायच्या. आतला ओलावा दूरच्या विहिरीसारखा जाणवायचा, आणि रोज तो आणखी दूर गेलेला असायचा.

आणि एका सकाळी आजीबाईनं धोंड्यावरून गाल उचलला, तर गालावर करडा डाग. “गार नाही,” ती म्हणाली. “गारठा गेला तिचा.”

मग माती गोणपाटात बांधली आणि मुलांनी लाकडी ठोकळ्यांनी कुटली. मासा तर इतका पेटला, की त्याला पाणी पाजून बसवावं लागलं. ते तुकडे बाईंनी पाण्याच्या घमेल्यात सोडले, आणि सगळी मुलं पालथी पडून, हनुवट्या घमेल्याच्या काठाला टेकून बघू लागली. तुकडे तळाशी गेले. क्षणभर काही नाही. मग त्यांच्या अंगातून बुडबुडे सुटले, बारीक, असंख्य. चुरचुर असा आवाज आला. टोकं विरघळली, कडा ढासळल्या, डोंगर बसावेत तसे तुकडे आपल्या आपणच खाली बसले, आणि पाणी हळूहळू धुकं झालं.

“श्वास घेतेय,” कुणीतरी कुजबुजलं.

“पीत आहे,” आजीबाई म्हणाली. “तहान लागली होती ना तिला.” तिचे हात मात्र काखेत घट्ट होते.

वरचं पाणी काढून टाकलं, चिखल विटांवर अंथरलेल्या फडक्यावर पसरला. तो मळण्याजोगा व्हायला जे दिवस लागले ते बाईंचे शेवटचेच दिवस होते. निरोपाला म्हणून हेडमास्तरांनी भाषण करायचं काढलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “माझ्या वर्गात भाषणाला कुणी पाच मिनिटं बसणार नाही. तुम्हीही नाही बसणार.” भाषण राहिलं.

शेवटच्या सकाळी बाईंनी फडक्यातला गोळा उचलला आणि धाकट्या बाईंच्या ओंजळीत दिला.

“रोज निघताना फडकं भिजवायचं,” एवढंच म्हणाल्या.

“आणि कुणी पुन्हा उन्हात ठेवली तर?”

“तर पुन्हा कुटायची.”

धाकट्या बाईंनी गोळे वाटले. आजीबाईपुढंही एक ठेवला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. थोरल्या बाई दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. जाण्याची वेळ होऊन गेली होती. शेजारी मासा कप करत होता आणि कप खाली बसत होता. पुन्हा केला, पुन्हा बसला.

“भिंत पातळ झाली,” आजीबाई काखेत हात ठेवूनच म्हणाली.

“नाही झाली.”

“झाली. बुडाशी जाड ठेव. अरे, बुडाशी! तिकडून नाही!”

“मग तूच कर,” मासा रडकुंडीला आला.

“सरक. तुम्हाला एक काम धड जमेल तर शपथ,” आजीबाई म्हणाली आणि दोन्ही हात मातीत घातले. थबकली. माती बोटांमधून वर आली, ओली, मऊ. तिनं हात काढून बघितले, उलटे, सुलटे. मग पुन्हा घातले आणि बुडाशी जाड ठेवून कप उभा करू लागली. जीभ दातांत धरलेली.

थोरल्या बाईंनी तिला हाक मारली नाही. कुणालाच मारली नाही. चपला हातात घेऊन त्या व्हरांड्यातून गेल्या, पायरीवर चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. वर्गातल्या एकाही पोरानं मान वर केली नाही. फाटकाशी मावशी बादली घेऊन उभी होती. तिच्या ओठांवर एक भांडण आलं होतं, ते तिनं गिळलं. बाई भिंतीच्या सावलीतून चालत गेल्या, वळणावर एका दारापाशी थांबून काहीतरी बघितलं, आणि वळणाआड गेल्या. मावशी बादलीतलं हललेलं पाणी थिरावेपर्यंत तिथंच उभी राहिली.