अंगठ्यानं ओढलेल्या रेघा

विहिरीच्या काठावर भरलेल्या घागरीपुढं मी उभा होतो आणि ती अंगावर ओतायचं धाडस होत नव्हतं. डॉक्टरांचं मोडावं की देवीचं, ते ठरत नव्हतं. सातवीतनं शाळा सोडून मी जांबोटीहून निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला आलो. तिथं पोत्यांच्या थप्पीवरनं पाठीवर पडलो, तेव्हापासून उजव्या पायात अशी आग उठायची की अंगठ्याला पांघरूणही सोसत नसे. लांबच्या मोठ्या इस्पितळात कण्याजवळ बारीक तार बसवली. कमरेला एक पेटी, तिची चकती कातड्याला चिकटवायची. मग पायात मुंग्या येत आणि आग विझे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "टाके भिजवू नको, वाकू नको. तार सरकली तर दुखणं परत येईल. पू धरला तर सगळंच काढावं लागेल."

पण आईनं तिच्या माहेरच्या, बोरगावजवळच्या लक्ष्मीला माझे ओलेत्यानं दंडवत बोलले होते. गावाकडच्या माणसाबरोबर तिचा निरोप आला, "नवस फेडल्याबिगर उंबऱ्यात पाऊल टाकू नको." वखारीतले आप्पा म्हणाले, "देवीनं उठवलं तुला, डॉक्टरनं न्हाय. दिलेलं माघारी न्यायला तिला किती येळ?" त्या बोलण्यानं माझी झोप उडाली. टाके सुकले नव्हते, तरी लक्ष्मीच्या देवळाजवळच्या या विहिरीवर आलो.

घागरीकडं हात नेला, तोच मागनं आवाज आला, "काय रं, कमरेला रेडिओ बांधून आंघोळ करतोस व्हय?"

ओल्या लुगड्यातली एक म्हातारी, नुकतीच स्वतःचे दंडवत घालून आलेली. मला हसू आलं, आणि त्यापाठोपाठ रडूच. सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, घागर उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ओतली.

"आईचं नाव सांग. नवस तिचा न्हवं? मी पडते, तू संगं चाल. माझे हात पोचतील तिथं रेघ मार. वाकायचं न्हाय, पायानं मार."

"देवीच्या दारात पायानं, आक्का?"

"मग काय नाकानं मारतोस? चल."

ती आडवी पडायची, मी दुखऱ्या पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढायचो, ती उठून रेघेवर यायची आणि आईचं नाव घेऊन पुन्हा पडायची. ती धापा टाकायची आणि माझ्या पाठीत भीतीनं कळ यायची. आता देवी कोपेल, आता आग उठेल, असं प्रत्येक रेघेला वाटे. देवळाच्या पायरीशी पोचलो तेव्हा म्हातारीच्या पाया पडायला निघालो, तर ओरडलीच, "वाकू नको म्हनलं न्हवं!" आणि लुगडं वाळवत उन्हात जाऊन बसली. तिचं गाव विचारायचं सुचलंच नाही.

पुढं टाके काढताना डॉक्टर म्हणाले, जखम कोरडी आहे, तार जागेवर आहे. तेवढं ऐकून मी जांबोटीची बस धरली. शरण जायचं म्हणजे अंग झोकून द्यायचं, एवढंच मला ठाऊक होतं. गुमान ताठ उभं राहून दुसऱ्याला आपल्यासाठी पडू द्यायचं, हे किती अवघड असतं ते मला त्या माउलीनं शिकवलं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. रोज हात तेवढे जोडतो.

घरी उंबऱ्याबाहेरच थांबून आईला सगळं सांगितलं. हा नवस फिटला न्हाय, असं ती म्हणाली तर? ती वळली. आत जाऊन करंडा घेऊन आली.

"कुठला अंगठा?"

मी भीत भीत पाय पुढं केला. तिनं कुंकवाचं बोट टेकवलं. आग उठली नाही.

"ये आत," आई म्हणाली.