फोन वाजला की

मोबाइल घराघरांत पोहोचले त्या वर्षांत मी एका मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये काम करत होते. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि एक कॉल संपला की लगेच दुसरा. फोन करणारा सहसा चिडलेलाच असायचा. न मागितलेली कॉलर ट्यून सुरू झालेली असायची, नेटवर्क गेलेलं असायचं, सिम बंद पडलेलं असायचं. यातलं काहीच मी केलेलं नसायचं, पण ऐकून घ्यायला मीच होते. आम्हाला आवाज चढवायची परवानगी नव्हती आणि फोन आपणहून ठेवायची तर नव्हतीच. समोरच्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या तरी शेवटी विचारायचं, "मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

सवय झाली आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. मला तसंच वाटतही होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ओट्याशी नारळ खवत होते. बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा मोबाइल वाजला. नवऱ्याने त्यांना नुकताच घेऊन दिला होता आणि ऐकू जावं म्हणून त्याचा आवाज पूर्ण मोठा केला होता. तो वाजला आणि माझ्या हातातली वाटी सुटली. छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. मी ओट्याला धरून खाली बसले. आता आपण मरणार, एवढं एकच डोक्यात होतं.

नवऱ्याने रिक्षा करून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या.

पण ते पुन्हा झालं. मग परत. शेजारचा फोन वाजला तरी मी हातातलं टाकून खाली बसायचे. सकाळी डबा घेऊन मी स्टॉपवर जायचे, बस यायची, माणसं चढायची आणि मी तिथेच उभी राहायचे. दोनदा तशीच घरी परतले. नवरा उरणकडे बंदरात कामाला होता, तो थकून यायचा. "रिपोर्ट चांगले आलेत ना? मग?" असं तो विचारायचा. रागावून नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं.

सासूबाई मात्र बघत होत्या. त्या ओवे गावच्या. तिथली जमीन नव्या शहरासाठी गेली आणि सासऱ्यांनी नवीन पनवेलला घर घेतलं, तेव्हापासून त्या या तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या, पण बोलणं गावचंच राहिलं होतं. नात्यातल्या बायका भेटायला आल्या की हळूच सुचवायच्या, कुणाची नजर लागली असेल, एकदा भगताला दाखवा. सासूबाई चहा टाकायला उठायच्या. मला धास्ती होती की एक दिवस त्या ऐकतील आणि मला घेऊन जातील.

एका दुपारी त्या गॅलरीत सुकट निवडत बसल्या होत्या. मी कामावर गेले नव्हते. त्यांनी मला शेजारी बसवलं.

"माजा पयला पोर गेला, तुला ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही नीट माहीत नसावं.

"तापानं गेला. मंग मी जेवत नव्हते, बोलत नव्हते. नुसती बसून असायचे. लोक बोलले, हिला लागलंय काय तरी. भगताकडं नेली. त्यानं धुरी दिली, केस धरून इचारलं, तू कोन हायस?" सुकटीतली काडी त्यांनी बाजूला टाकली. "काय सांगू? मी मीच व्हते. शेवटी मीच एका मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तवा सोडली."

मग त्यांनी सुकटीचं सूप बाजूला सारलं.

"मना कुनी इचारलं नाय, पोरी तुला काय होतंय म्हनून. तू मनाच्या डॉक्टरकडं चल. मी येते संगती."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोक तवा पन बोलले."

पनवेलमध्ये तसे डॉक्टर होते. पाटीवर 'मानसोपचारतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं आणि आत बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ दिसले. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, मीही मान फिरवली.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलल्या नाहीत. इतकी वर्षं मी दिवसभर दुसऱ्यांचं ऐकत होते, त्यामुळे ते शांत ऐकणंच मला सहन होईना आणि मी रडले. याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्या म्हणाल्या. याने माणूस मरत नाही, आणि हे बरं होतं. गोळ्या दिल्या आणि बोलायला येत जा म्हणाल्या.

पुढे एकदा माझं झाल्यावर मी उठले, तर सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"मना पन जरा बोलायचं हाय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू भायर बस."

मी बाहेर बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. त्या आल्या तेव्हा पदराने तोंड पुसत होत्या. आत काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मला बरं व्हायला वर्षाहून जास्त लागलं. मी फोनवरचं काम सोडलं आणि एका शाळेच्या ऑफिसात लागले. तिथला फोन सुरुवातीला शिपाई उचलायचे, नंतर मी उचलू लागले. छातीत धडधड अजूनही कधी होते. आता मी घाबरत नाही, खाली बसते आणि ती जाऊ देते.

सासूबाई त्या डॉक्टरांकडे नंतर बरेच दिवस जात राहिल्या, एकट्याच, शेअर रिक्षाने. मुलाला त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. त्या वारल्यानंतरही मी त्याला खरं सांगितलेलं नाही. ते त्यांचं होतं.