अंगावर घातलेलं अंग

आपल्या गावात क्विंटलभर धानाचं पोतं एकट्यानं उचलनारा मीच होतो. आज मले सवताले पोत्यात भरलं तं पोतं अर्धंच भरते.

मले लिहिता येत नाही. मी बोलून रायलो आन् माही पोरगी कविता लिहून रायली. गावात राह्यलेल्यांनो आन् माह्यासारखे पळालेल्यांनो, दोघांसाठी बी हे हाय. मधात ती माह्याकडं डोये वटारून पाह्यते, ते लिहीत नाही एवढंच.

१९९९ साली निघालो तवा रोवना, म्हंजे धानाची लावनी, आटपला होता. तलावाचं पानी बांधीबांधीत भरलं होतं. मायनं सकाळीच भात मांडला आन् तीन ताटं माह्याकडून संपवून घेतले. वरतून चिन्नोर तांदळाचं गाठोडं डोक्यावर देल्लं. गोंदियाच्या स्टेशनात ती रडली नाही. म्हनली, "बापू, भात सोडू नोको. अंग गेलं तं कोनी वळखत नाही." मी म्हनलं, "माय, पुन्यात बी भात शिजते." गाडी हलली तवा पोट इतकं भरलं होतं का मले बी रडता आलं नाही. वाकलो असतो तं भात वर आला असता.

पुन्यात भुसार बाजारात हमालीले लागलो. दिवसभर तांदळाचे कट्टे पाठीवर, दोन टाइम तांदूळ पोटात. तिथले लोकं भाकरीवाले, मले "भाताचा डबा" म्हनत. मी बी छाती काढून चालू. सालातून एकडाव दिवाळीमांगं भरनाऱ्या मंडईच्या जत्रेले गावाले आलो का माय माहं पोट थोपटून पाहे, म्हस पाहून रायली तसं. माय गेली तवा मी सत्तर किलो होतो. तेवढं तिचं नशीब चांगलं.

मंग तहान लागाले लागली. हंडाभर पानी प्यावं आन् तेवढंच मोरीत सोडून यावं. डाक्टरनं रक्त पाह्यलं आन् म्हने, शुगर हाय. भात, पोळी, साखर कमी करा, अंडी, मासे, शेंगदाने, पनीर खा. मी त्यातलं पहिलं अर्धंच आयकलं. भात पुरा सोडला आन् त्याच्या जागी काहीच खाल्लं नाही. भात नाही म्हंजे जेवन नाही, हेच आपल्याले मालूम. ताटात भातच नसंन तं अंडं कायच्यासंगं खावं?

सहा महिन्यात अट्ठेचाळीस किलोवर आलो. गोदामातल्या काट्यावर कट्टा पन्नास किलोचा असते. एक दिवस पोट्ट्यांनी मले उचलून काट्यावर ठेवलं. मुकादमानं काटा पाह्यला आन् म्हने, "हे पोतं कमी भरतंय, परत पाठवा." सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो, कारन दुसऱ्या दिवशी काम पायजे होतं.

तवाच गावातून बायकोचा फोन आला. सुमन म्हने, "मंडईले फुलचूरचे पाहुने कविताले पाह्याले येऊन रायले. मानसं चांगले हायेत." मंग आवाज बारीक करून म्हने, "तुम्ही जरा अंग भरून या जी. तुमचा फोटो पाहून लोकं विचारून रायले." काय विचारून रायले ते तिनं सांगितलं नाही. आपल्या गावात शहरातून वाळून आलेल्या मानसाबद्दल काय विचारतेत ते मले मालूम होतं. आधी एक जन सुरतहून असाच वाळून आला होता, 'एड्स हाय' म्हनत लोकं. त्याच्या घरी मी बी पानी पेलो नव्हतो.

दोन महिने हाती होते. मले मायचं आठवलं. डाक्टरले न सांगता भात सुरू केला. दोन्ही टाइम ढीगभर, वरतून गूळ, केळं. महिन्याभरात तीन किलो आनखी उतरलो. डाक्टर म्हने, "तुम्ही जे खाताय ते अंगाला लागतच नाही, साखर होऊन लघवीतून चाललंय." म्हंजे महिनाभर मी चिन्नोर मोरीले चारून रायलो होतो.

मंग इन्सुलिनची सुई सुरू झाली. चार अंडी, मासे, मूठ मूठ शेंगदाने, तेल बी हात सैल सोडून, आन् भात फक्त एक वाटी. डाक्टरनं बजावलं, सुई घेतली का अर्ध्या घंट्यात जेवायचंच. वजन चढाले लागलं, पन गोगलगायीवानी. मंडईपावतर दोनच किलो चढलं.

बाकीचं मी कपड्यात भरलं. तीन बनियानी, त्यावर दोन सदरे, त्यावर सेटर, आन् वरतून नवा ढगळा सदरा. आरशात पाह्यलं तं मायचा बापू दिसला. फक्त मान कोंबड्याची होती, तिले दुपट्टा गुंडाळला.

पाहुने बारा वाजता आले. सुमननं ताटं मांडाले घेतले तवा मी आत जाऊन सुई टोचून आलो. आन् बाहेर येऊन आठवलं का पोरीचा बाप पाहुन्याच्या आधी जेवत नाही. पाहुने तं मंडईचे, हात धुवालेच घंटा लागला. मी आग्रह करून रायलो, "घ्या जी, आनखी घ्या." आतून घाम फुटला, हात कापाले लागले. पोराचा मामा म्हने, "काऊन भाऊ, थंडी वाजून रायली का गरमी होऊन रायली?" मी म्हनलं, "दोन्ही." लोकं हसले. तेवढ्यात मी वरनाचं भांडं घेऊन त्याच्याच ताटात पडलो.

कविता धावत आली. तोंडात गूळ कोंबला, आन् हवा लागावी म्हनून सदरा उघडला. त्याच्याखाली सेटर. सेटर काढलं तं सदरा, मंग आनखी सदरा, मंग बनियान, बनियान, बनियान. बायका पदर तोंडाले लावून पाहून रायल्या होत्या. शेवटी बरगड्या निघाल्या तवा कोनी हसलं नाही.

कवितानं माह्या पिशवीतून डाक्टरची फाइल काढून पाहुन्यांसमोर ठेवली. "शुगर हाय, दुसरं काही नाही. वाचून घ्या."

पोराच्या मायनं फाइल उघडली बी नाही. म्हनली, "शुगर तं आमच्या बी घरी हाय, बाई. तुह्या बापानं दारातच सांगितलं असतं तं मी आधी त्याले जेवू घातलं असतं. पन बाप अंगावर खोटं अंग घालून बसते, तं बाकीचं काय काय खोटं असंन?" आन् उठली. पोरानं कविताकडं एकडाव पाह्यलं आन् चपला घातल्या. त्याले ती पसंत होती, हे मांगाहून समजलं.

आता आम्ही तिघं पुन्यात राहतो. कविता दवाखान्यात कामाले हाय. तिले पाह्याले सोयरे अजून येतेत, फुलचूरची गोष्ट आयकतेत आन् चहा पिऊन जातेत. माहं वजन छप्पन हाय, त्यात बनियान एकच. आता पोते उचलत नाही, फाटलेले पोते शिवतो.

इतवारी सुमन चिन्नोर शिजवते. झाकन काढलं का वासातूनच गाव येते, तलाव, बांधी, माय, सगळं. माह्या वाट्याले वाटीभर. त्या वाटीत बोटं घातले का मले वाटते, घर म्हंजे हीच वाटी, बाकी सगळं...

"बाबा," कविता पेन ठेवून म्हने, "त्या भाताचं लई रडून रायले तुम्ही. माह्या लग्नाचं जेवनच तुमच्यापायी झालं नाही, त्याचं मी रडली का? सुई घेऊन वीस मिनिटं झाले. अंडी खा."