मामाची चंची

आमच्या धामणगावच्या मामानं जन्मात कुणाला तंबाखू नाकारली नाही, एक आम्हा दोघा भावांना सोडून. कापसाची गाडी घेऊन खामगावला निघाला की वाटेतल्या अनोळखी गाडीवानालाही हाक मारून चिमूट द्यायचा. शेताच्या धुऱ्यावरून ज्याच्याशी भांडण, त्याच्यापुढेही चंची उघडायची. "तंबाखूले वैर नसते," म्हणायचा.

वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. हाही पडायचा, अगदी मनापासून. आणि उठून बसला की चंची सरकवायचा आपल्या पोराकडे, सीतारामकडे. सीताराम माझ्याच वयाचा. चुना मळताना तो माझ्याकडे बघून हसे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. "मामा, मले काऊन नाही?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुले नाही जमत."

माझ्या थोरल्या भावालाही तो देत नसे. भाऊ चिडला आणि खामगावच्या बाजारातून स्वतःची चंची घेऊन आला. मी मात्र हट्टाला पेटलो. खाईन तर मामाच्या हातची, नाहीतर नाहीच.

भावाच्या गालात फोड आला तेव्हा त्यानं चाळिशीही गाठली नव्हती. वडलांना झाला होता तसाच. थेट नागपूरला नेलं, तेव्हा आमची राजधानी तीच. तिथल्या डॉक्टरांनीही कॅन्सर सांगून हात टेकले.

भाऊ गेला त्या दिवशी मामा ओट्यावर माझ्याजवळ बसला. "तुह्या आज्याले हेच झालं, बापाले हेच. माह्या घरी तीन पिढ्या खाऊन राह्यल्या, कोणाले काही नाही. तंबाखू एकच हाय बापू, गाल येगळे. त्याले सांगाले पाहिजे होतं. पण बहिणीच्या घरी येऊन कसं म्हणू, तुमच्या रक्तात खोट हाय?"

मला रडू आलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त त्या घराण्याचा हेवा वाटला. यांनी दिवसभर गाल भरून ठेवायचे आणि सुखानं म्हातारं व्हायचं.

मामा झालाही. ऐंशी ओलांडून गेला. तेरवीला सीतारामनं चंची फिरवली आणि माझ्यापुढेही धरली. बापानं त्याला काही सांगितलं नसावं. इतक्या वर्षांनी ती माझ्या हातात आली. मी नुसता वास घेतला. शेजारी बसलेल्या माझ्या मुलानं तळहात पुढे केला.

"तुले नाही जमत," मी म्हणालो. आणि काऊन, तेही तिथंच, सगळ्या सोयऱ्यांदेखत सांगितलं.