तीन थर्मामीटर आणि शिफ्टची वही

आमच्या इंजिनीअरिंगच्या वर्गातले बहुतेक जण खराडीच्या आयटी कंपन्यांत एसीत जाऊन बसले आणि मी पुण्याच्या कडेच्या एका दूध कारखान्यात रबरी बूट घालून हिंडू लागले. हुद्दा कंट्रोल इंजिनीअरचा. दूध तापवायच्या यंत्रावर दोन थर्मामीटर होते. दोघांत फरक पडला तर कमी आकडा खरा धरायचा आणि वाफ वाढवायची, हा नियम मीच प्रोग्रॅममध्ये घातला होता. कच्चं दूध पिशवीत जाता कामा नये, एवढाच विचार. त्या नियमाचा मला भारी अभिमान होता.

मग दुधाला करपट वास यायला लागला.

यंत्र सांभाळणारे काका जवळच्याच, आता महापालिकेत आलेल्या गावातले. निवृत्तीला चार महिने उरलेले. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून साहेबांनी त्यांना नोटीस दिली. "यंत्राला नाक नसतं, म्हणून तिथे माणूस बसवतात," असं साहेब शांतपणे म्हणाले. काका खाली मान घालून उभे होते. मीही गप्प राहिले, कारण माझा नियम चुकू शकतो हे डोक्यातच आलं नाही. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

वास कधीपासून येतोय ते बघायला मी शिफ्टची वही चाळली. काकांच्या ठसठशीत अक्षरात तीन आठवडे रोज एकच शेरा होता: 'डावा थर्मामीटर कमी दाखवतो. दूध जास्त तापते.' खाली सही माझी. न वाचता ठोकलेली.

स्क्रीनवर फक्त प्रोग्रॅमने निवडलेला आकडा दिसायचा. दोन्ही आकडे बघायला काका रोज शिडी चढून वर जात होते.

डावा काढून तपासला. तो खरंच बिघडला होता आणि माझ्या नियमामुळे यंत्र नेमकं त्याचंच ऐकून वाफ सोडत होतं. मग त्याच्या जागी नवा घातला, शिवाय तिसरा थर्मामीटर बसवला आणि नियम बदलला: तिघांतला मधला आकडा घ्यायचा. एखादा बिघडून वर गेला काय नि खाली आला काय, तो कडेला पडतो.

चूक माझी आहे, असं साहेबांना लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, "अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाले आणि नोटीस मागे घेतली.

चाचणीला काकांनी स्वतः एक थर्मामीटर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवला. निवडलेला आकडा जेमतेम हलला. मी त्यांची माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या, मॅडम," काका म्हणाले. "मधला घेता ते बरं हाय. पर बाकीचे दोन बी दिसू द्या की."

त्याच दुपारी स्क्रीनवर तिन्ही आकडे आणले आणि खाली शेऱ्यासाठी एक चौकट जोडली. पहिला शेरा काकांनी एका बोटाने टाइप केला: 'तिन्ही बरोबर. दूध चांगले.' मी तो वाचला आणि मग सही केली.